दाद कोणाकडे मागावी? : विद्या बाळ यांचे कार्य आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यातील कौटुंबिक हिंसाचाराचा प्रश्न

प्रस्तावना

'पावसाने झोडपले आणि नवऱ्याने मारले तर दाद कोणाकडे मागायची?' ही म्हण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. वाक्य प्रश्नार्थक असले तरी त्यात उत्तराची अपेक्षा नाही. पावसाचा मारा जसा निसर्गाचा नेम, तसाच नवऱ्याचा मारही; त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाच अस्तित्वात नाही, असे ही म्हण गृहीत धरते. ज्येष्ठ पत्रकार, संपादक व स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्या विद्या बाळ (१९३७-२०२०) यांच्या सामाजिक कार्याकडे पाहिले असता, त्यांनी या म्हणीतील प्रश्न खरोखरीचा प्रश्न म्हणून स्वीकारला आणि दाद मागण्याची जागा निर्माण करण्यासाठी आयुष्याची जवळजवळ चार दशके वेचली, असे म्हणता येते.

प्रस्तुत लेखात प्रथम विद्या बाळ यांच्या जडणघडणीचा व कार्याचा परिचय करून दिला आहे. त्यानंतर कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची वाटचाल या कार्याच्या संदर्भात स्पष्ट केली आहे. अखेरीस, पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामगार कुटुंबांच्या दृष्टीने या कार्याचे आजचे महत्त्व कोणते, याचा विचार केला आहे. पीडित स्त्रीला कायद्याची जेवढी गरज असते, तेवढीच किंबहुना त्याआधी तिचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या विश्वासू माणसाची गरज असते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्त्रीच्या घरातील दुःखाला सार्वजनिक वाचा फोडण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. नांदावयास जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंविरुद्ध १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा दाखल झाला आणि स्त्रीच्या संमतीवाचून विवाहसंबंध तिच्यावर लादता येतो काय, हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदनाची स्थापना केली.

या प्रयत्नांचा भर प्रामुख्याने बालविवाह, वैधव्य आणि शिक्षण यांवर होता. नांदत्या घरात सुशिक्षित, सधवा स्त्रीला होणारी मारहाण मात्र दीर्घकाळ 'घरचा मामला' म्हणूनच राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात या मौनाला पहिला मोठा धक्का बसला तो चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा या आदिवासी मुलीवरील पोलीस ठाण्यातील अत्याचाराच्या खटल्याने. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविल्यानंतर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्रियांचे गट संघटित होऊ लागले. विद्या बाळ यांच्या कार्याचे वळण या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

जडणघडण

विद्या बाळ यांचा जन्म १२ जानेवारी १९३७ रोजी झाला. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांच्या त्या नात होत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र विषय घेऊन त्यांनी १९५८ साली पदवी संपादन केली. काही काळ आकाशवाणीच्या पुणे केंद्रात काम केल्यानंतर १९६४ साली त्या किर्लोस्कर प्रकाशनाच्या 'स्त्री' मासिकात दाखल झाल्या. १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी या मासिकाचे संपादकपद भूषविले. डॉ. कमलाबाई देशपांडे यांचे 'कमलाकी' हे चरित्र त्यांच्या लेखनापैकी विशेष उल्लेखनीय होय.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. विद्या बाळ या प्रारंभापासून चळवळीतील कार्यकर्त्या नव्हत्या. मध्यमवर्गीय, पारंपरिक वळणाच्या घरात त्या वावरल्या. १९७४ साली त्यांनी जनसंघाच्या उमेदवार म्हणून पुणे महापालिकेची निवडणूकही लढविली होती व त्यात त्यांचा पराभव झाला होता. स्त्रीवादी विचार त्यांना वारशाने मिळालेला नव्हता. तो त्यांनी वाचन, चर्चा आणि अन्य स्त्रियांच्या अनुभवांतून सावकाश कमावला. मासिकाच्या संपादन विभागात येणारी वाचकांची पत्रे हे या शिक्षणाचे एक साधन होते. कुटुंबात न बोललेले पत्रात लिहिले जाते, हे संपादकाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असते.

१९८२ : एका मृत्यूने उभे केलेले प्रश्न

११ फेब्रुवारी १९८२ रोजी विवाह झालेल्या मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा ११ व १२ जूनच्या दरम्यानच्या रात्री पुण्यात विषबाधेने मृत्यू झाला. संसाराला अवघे चार महिने झाले होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिच्या पतीस फाशीची शिक्षा सुनावली व मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही, मृत्यू आत्महत्येने झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, या कारणास्तव पतीची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगणारा हा निवाडा आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावा लागतो.

न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य मानूनही या खटल्यातील एक बाब समाजशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षून चालणार नाही. मंजुश्रीने आपल्या मनःस्थितीविषयी बहिणीला व मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. ती पत्रे तिच्या मृत्यूनंतर न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली. याचा अर्थ ती गप्प राहिली नव्हती. तिने सांगितले होते. परंतु ते सांगणे जिवंतपणी तिच्या मदतीला येऊ शकेल अशी कोणतीही सामाजिक व्यवस्था त्या वेळी अस्तित्वात नव्हती. मृत्यू हत्येने झाला असो वा आत्महत्येने, हे वास्तव बदलत नाही.

ही घटना व त्याच सुमारास पुण्यात घडलेला आणखी एका विवाहितेचा मृत्यू यांनी अस्वस्थ झालेल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि १९८२ साली 'नारी समता मंच' या संघटनेची स्थापना झाली. विद्या बाळ या तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होत. मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन तयार करून महाराष्ट्रात ठिकठिकाणी नेले. या शीर्षकातील 'मी एक' हे शब्द विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. मृत्यू पावलेल्या एका स्त्रीविषयी हळहळ व्यक्त करण्याऐवजी, पाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीने स्वतःच्या घराकडे पाहावे, असे आवाहन त्यात होते.

'बोलते व्हा' : ऐकण्याची कार्यपद्धती

नारी समता मंचाने पीडित स्त्रियांसाठी सुरू केलेल्या केंद्राचे नाव 'बोलते व्हा' असे होते. वरवर पाहता हे नाव साधे आहे. परंतु 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे ज्या समाजात शहाणपण मानले जाते, तेथे स्त्रीने बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे. बोलल्यास 'संसार मोडला' हा ठपका तिच्यावर येतो; माहेरी धाकट्या बहिणीच्या लग्नाची चिंता वाढते; मुलांचे काय होईल ही भीती असते; आणि बोलूनही काही घडले नाही, तर त्याच घरात, त्याच माणसासमोर अधिक असहाय्य होऊन परतावे लागते. म्हणून स्त्री बोलत नाही याचा अर्थ तिला सहन होते असा नसून, बोलण्याची किंमत मोजण्याइतके पाठबळ तिच्यापाशी नाही, असा घ्यावा लागतो.

अशा स्त्रीचे ऐकून घेणे आणि तिची समजूत घालणे या दोन भिन्न क्रिया आहेत. समजूत घालणारा बहुधा आधीच ठरविलेल्या उत्तराकडे तिला नेत असतो आणि ते उत्तर 'थोडे सांभाळून घे' असे असते. ऐकून घेणारा मात्र तिच्यावर विश्वास ठेवतो, तिला मुलांसमोर वा सासरच्या माणसांसमोर बोलावयास लावत नाही, तिच्यापुढील पर्याय तिला समजावून देतो आणि निर्णय तिच्यावर सोपवितो. निर्णय परत नांदावयास जाण्याचा असू शकेल, वेगळे राहण्याचा असू शकेल वा खटला दाखल करण्याचाही असू शकेल. मानवी हक्काच्या परिभाषेत यालाच व्यक्तीची प्रतिष्ठा म्हणतात.

ऑगस्ट १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. व्यक्तीने स्वतःशी व इतरांशी नव्याने संवाद करावा, हा त्यामागील आग्रह होता. केंद्रात एका स्त्रीला जे साध्य होते ते मासिकातून गावोगावच्या वाचकांना साध्य व्हावे, असा या दोन उपक्रमांचा परस्परसंबंध दिसतो.

या कार्याचा आणखी एक पैलू पुरुषांशी संबंधित आहे. हिंसा थांबवावयाची असेल, तर हिंसा करणाऱ्याशीही बोलावे लागेल, ही जाणीव त्यांच्या मांडणीत स्पष्ट आहे. २००८ साली सुरू झालेले 'पुरुष संवाद केंद्र' हे या विचाराचे मूर्त रूप होय. पुरुषाला शत्रू न मानता, पुरुषीपणाच्या ज्या कल्पनांत तो वाढला त्यांची चिकित्सा करावयास त्याला साह्य करणे, हा यातील हेतू. मात्र संवाद म्हणजे हिंसेला माफी नव्हे, हेही तितकेच खरे.

कुटुंबाबाहेरील समतेसाठीही त्यांनी लढा दिला. शनिशिंगणापूर येथील स्त्रियांच्या प्रवेशबंदीच्या संदर्भात विद्या बाळ व ॲड. नीलिमा वर्तक यांनी केलेल्या जनहित याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, १९५६ च्या मंदिर प्रवेशविषयक कायद्याची अंमलबजावणी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट केले. सन्मानाने मरण्याच्या हक्काचाही त्यांनी पुरस्कार केला. ३० जानेवारी २०२० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कायद्याची वाटचाल

स्त्रियांनी बोलावयास सुरुवात केल्यानंतरच कायद्याने ऐकावयास सुरुवात केली, असे या काळाचे वर्णन करता येईल. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट होऊन पती व त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला. १९८६ साली हुंडाबळीविषयक कलम ३०४-ब आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम ८५-८६ व कलम ८० मध्ये आहेत.

परंतु फौजदारी कायद्याचा रोख गुन्हेगाराला शिक्षा करण्यावर असतो. पीडितेपुढील तातडीचे प्रश्न निराळे असतात : आज रात्री राहायचे कोठे, मुलांना खायला काय घालायचे, तो पुन्हा मारणार नाही याची हमी कोणाची? या प्रश्नांना उत्तर देणारा 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याची पुढील वैशिष्ट्ये सर्वसामान्य वाचकास माहीत असणे आवश्यक आहे.

१. हिंसाचाराच्या व्याख्येत शारीरिक व लैंगिक हिंसेसोबत शाब्दिक, भावनिक व आर्थिक हिंसेचाही समावेश आहे. पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन विकणे हीदेखील हिंसाच होय.

२. घर पतीच्या नावावर असो, सासऱ्याच्या नावावर असो वा भाड्याचे असो, सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे (कलम १७). सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबतचा संभ्रम सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निवाड्याने दूर केला. आवश्यक तेथे पर्यायी निवासाची सोय करण्याचा किंवा त्याचे भाडे देण्याचा आदेश पतीस देता येतो (कलम १९).

३. अर्ज स्त्रीने स्वतः, संरक्षण अधिकाऱ्याने अथवा तिच्या वतीने अन्य कोणीही करता येतो (कलम १२). पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी अपेक्षा आहे.

४. हिंसाचार घडत असल्याची माहिती कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही (कलम ४).

५. स्त्री जेथे कायम वा तात्पुरती राहते किंवा जेथे नोकरी करते, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो (कलम २७).

'बोलते व्हा'सारख्या केंद्रांमध्ये दोन दशके स्त्रियांनी जे सांगितले होते, त्याला या अधिनियमाने कायद्याची भाषा दिली. 'मारत नाही हो, पण पैसे देत नाही आणि बोलून जीव घेतो' या तक्रारीला पूर्वी कलम नव्हते; आता आहे.

औद्योगिक पट्ट्यातील वास्तव

नारी समता मंचाच्या स्थापनेच्या वर्षीच, म्हणजे १९८२ साली, पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली, हा योगायोग होय. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे भोसरी, आकुर्डी, चिंचवड हा परिसर वाहन व अभियांत्रिकी उद्योगाचे केंद्र बनला. गेल्या काही दशकांत हा विस्तार चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत पोहोचला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर भारतातून आलेली तरुण कुटुंबे येथे भाड्याच्या एका खोलीत संसार थाटतात.

अशा संसारात स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या परिस्थितीची काही वैशिष्ट्ये आहेत. गावाकडे सासुरवासाबरोबरच आत्या, मावशी, शेजारच्या काकू अशी बोलण्याची ठिकाणेही असत. येथे सासुरवास पुष्कळदा नसतो, पण बोलण्याची ठिकाणेही नसतात. माहेर एका रात्रीच्या एसटी प्रवासाइतके दूर असते. दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्यांमुळे रात्रपाळीवरून आलेला पती दिवसा झोपलेला असतो. लहान खोलीत मुलांचा आवाजही भांडणाचे निमित्त ठरतो. कंत्राटी नोकरीतील अनिश्चितता, कामावरून कमी केले जाण्याची भीती आणि दारू यांची भर पडते. ही कारणे हिंसेचे स्पष्टीकरण देतात, समर्थन नव्हे. कारण त्याच चाळीत, त्याच पाळीत काम करणारे कितीतरी पुरुष पत्नीवर हात उगारीत नाहीत. स्त्री स्वतः कंत्राटी कामगार असेल, तर पोलीस ठाण्यात वा न्यायालयात गेलेल्या प्रत्येक दिवसाचा रोज बुडतो. खोलीचा भाडेकरार पतीच्या नावावर असल्याने आपल्याला बाहेर काढले तर काहीच करता येणार नाही, असा तिचा समज असतो.

या पार्श्वभूमीवर वर दिलेल्या तरतुदींचे मोल कळते. चाकणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्त्रीला अर्जासाठी सासरच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. भाड्याची खोली हेदेखील 'सामायिक घर'च असते. उत्पन्न कितीही असले, तरी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. तातडीच्या प्रसंगी ११२ हा व महिलांसाठी १८१ हा साहाय्य क्रमांक आहे. २०१५ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून 'सखी' वन स्टॉप सेंटरची व्यवस्था आहे. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले असून चाकण त्याच्या हद्दीत येते.

असे असूनही बोलणाऱ्या स्त्रिया किती? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवली आहे. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. कायदा, क्रमांक आणि केंद्रे असतानाही चारपैकी तीन स्त्रिया गप्प आहेत. मंजुश्रीने निदान पत्रे लिहिली होती.

ही दरी शासकीय यंत्रणा एकटी भरून काढू शकणार नाही. कायद्याने 'कोणतीही व्यक्ती' असे म्हटले आहे. या पट्ट्यात ती व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शाळेतील बाई, बचत गटाची अध्यक्ष, खोलीची घरमालकीण, कारखान्यातील कल्याण अधिकारी वा कामगार संघटनेचा पदाधिकारी असू शकतो. स्त्री प्रथम बोलते ती यांच्यापाशी. 'नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला पडा मध्ये' असे उत्तर तेथे मिळाले, तर ती पुन्हा बोलण्याची शक्यता फार थोडी असते.

निष्कर्ष

१. विद्या बाळ यांचे मुख्य योगदान खासगी मानल्या गेलेल्या हिंसेला बोलण्याची व ऐकण्याची सार्वजनिक जागा मिळवून देण्यात आहे. कायद्यातील पुढील सुधारणांना अशा कार्यानेच सामाजिक आधार पुरविला.

२. समुपदेशनाचे यश 'किती संसार जुळविले' या संख्येवर मोजणे योग्य नव्हे. स्त्री सुरक्षित झाली काय आणि निर्णय तिचा होता काय, हे निकष असावयास हवेत.

३. औद्योगिक पट्ट्यातील स्थलांतरित स्त्रीच्या भोवती नात्यांचे जाळे विरळ असते. म्हणून अंगणवाडी, शाळा, बचत गट व कामगार संघटना यांतील व्यक्तींना २००५ च्या अधिनियमाचे आणि ऐकून घेण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळणे निकडीचे आहे.

४. या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारी अनेक मुले-मुली कामगार कुटुंबांतूनच येतात. घरातील हिंसेचे ते पहिले साक्षीदार असतात. राष्ट्रीय सेवा योजना व महिला विकास कक्ष यांच्यामार्फत मुलींबरोबर मुलांशीही संवाद साधला गेल्यास पुरुष संवाद केंद्रामागील विचार पुढील पिढीपर्यंत पोहोचेल.

पाऊस कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. मारणारा हात मात्र थांबविता येतो. त्यासाठी दाद मागणाऱ्या स्त्रीसमोर ती ऐकणारा कोणीतरी असावा लागतो.